पाइपच्या भिंतीवरची वस्ती आणि क्लोरीनची मर्यादा

गावात गॅस्ट्रोची साथ आली की पहिली मागणी होते ती टीसीएलचा, म्हणजे क्लोरीन देणाऱ्या ब्लीचिंग पावडरीचा, डोस वाढवण्याची. जलसुरक्षक नळाच्या पाण्यात क्लोरीन तपासणारे ओटीचे थेंब टाकतो, पाणी पिवळं झालं की सगळ्यांना हायसं वाटतं. त्यात गैर काही नाही. पण तो पिवळा रंग फक्त वाहत्या पाण्याबद्दल बोलतो. जलवाहिन्यांतले बहुसंख्य जिवाणू पाण्यात नव्हे, पाइपच्या आतल्या भिंतीवर राहतात. दोन दिवस न घासलेल्या माठात बोट फिरवलं तर जो बुळबुळीत थर हाताला लागतो, त्याच जातीचा थर तिथे असतो. शर्करा, प्रथिनं आणि डीएनए यांचा चिकट लगदा स्रवून जिवाणू त्यातच वस्ती करतात.

हा थर क्लोरीनला पुरून उरतो, तो क्लोरीन दुबळा आहे म्हणून नव्हे, तर उतावळा आहे म्हणून, असं माझं म्हणणं आहे. वाटेत जो सेंद्रिय पदार्थ भेटेल त्याच्याशी मुक्त क्लोरीनची अभिक्रिया होते आणि आत झिरपण्याआधीच तो वरच्या लगद्यात खर्ची पडतो. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात संशोधकांनी 1994 साली थरात सूक्ष्म इलेक्ट्रोड खुपसून हे मोजलं. आतलं क्लोरीनचं प्रमाण बाहेरच्या पाण्याच्या जेमतेम पाचवा हिस्सा, बरेचदा त्याहूनही कमी भरलं. उलट मोनोक्लोरामाइन हे तुलनेनं सौम्य रसायन. ते रेंगाळत काम करतं, म्हणूनच खोलवर पोचतं. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तांब्याच्या आणि पीव्हीसीच्या पाइपांवरचा थर लिटरला 1 मिलिग्रॅम क्लोरीननं आटोक्यात आला. लोखंडी पाइपांवर 3 ते 4 मिलिग्रॅमही पुरे पडेनात. गंजच क्लोरीन गिळत होता. अमेरिकेतल्याच फ्लिंट शहरात 2014 साली पाण्याचा स्रोत बदलला आणि गंजरोधक रसायन घातलं गेलं नाही. वाहिन्या गंजल्या, क्लोरीन टिकेना, आणि त्याच काळात लिजनेअर्स रोगाची साथ पसरून किमान बारा माणसं दगावली.

यावर कोणी म्हणेल, थरातले बहुतेक जिवाणू निरुपद्रवीच असतात. खरं आहे. पण लिजनेअर्स रोगाचा जिवाणू लिजनेला त्यांच्याच आडोशानं, थर खाणाऱ्या अमीबांच्या पोटात वाढतो, आणि थराचा तुकडा सुटला की तो थेट नळापर्यंत येतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मग क्लोरीन बंदच का करू नये? नेदरलँड्समध्ये पाणी शेष, म्हणजे नळापर्यंत शिल्लक राहणाऱ्या, क्लोरीनविना घरोघरी जातं. मात्र तिथे जिवाणूंना पचेल असा कार्बन पाण्यातून आधीच काढून घेतात. लिटरला सुमारे 10 मायक्रोग्रॅम हे त्यांचं लक्ष्य. शिवाय वाहिन्या घट्ट आणि अखंड दाबाखाली असतात. आपल्याकडे पाणी तासदोन तास येतं. उरलेल्या वेळात रिकाम्या पाइपात फटींतून गटाराचं पाणी शिरतं. हुबळी-धारवाडला खंडित आणि चोवीस तास पुरवठ्याची तुलना झाली, तेव्हा खंडित भागातल्या नळांत ई. कोलाय कितीतरी अधिक वेळा सापडला. म्हणून भारतीय मानकातलं लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम शेष क्लोरीन आपल्याला सोडता येणार नाही. प्रश्न उरतो पैशाचा, आणि पैसा मी गंजलेल्या वाहिन्या बदलण्यावर, त्या धुऊन काढण्यावर आणि दाब टिकवण्यावर आधी खर्च करीन, टीसीएलच्या जादा पोत्यांवर नंतर.