माझा कॅमेरा आणि आईचा फोटो

शेतातून, परसातून, चुलीपुढून, जिथून ऐकत असाल तिथून ऐका. हातातलं काम थांबवू नका.

आपल्या केंद्रावरच्या ताईंनी मला विचारलं, "फोटोविषयी बोलाल का?" मी म्हटलं, अहो, रेडिओवर फोटो कसा दाखवणार? त्या म्हणाल्या, "सोलकढी कशी करायची तेही आपण रेडिओवरच सांगतो, चव कुठे लागते कुणाला?" मग माझं तोंड बंद झालं आणि मी इथे येऊन बसले.

मी शिवणकाम करते. गटाचा हिशेब लिहिते. आणि छंद म्हणून फोटो काढते. पोटासाठी नाही, निव्वळ हौस. माझा भाचा मुंबईत फोर्टात कामाला आहे. तिथे बोरा बाजार म्हणून गल्ली आहे, नवे-जुने कॅमेरे तिथे मिळतात. त्याने २०१७ साली मला तिथून जुना कॅमेरा आणून दिला, कॅनन ईओएस १०००डी. हे मॉडेल २००८ सालचं, म्हणजे माझ्या घरी आला तेव्हाच तो म्हातारा होता. नऊ हजार पडले. आठ महिने ब्लाउजच्या शिलाईतून बाजूला टाकत होते. घरात एकच प्रश्न, "हा दूध किती देतो?" कारण तेवढ्यात शेळी आली असती. खरं होतं ते.

गावातही कुजबुज झालीच. बाई गळ्यात कॅमेरा अडकवून फिरते म्हणजे काय! तेव्हा भाच्याने मला होमाई व्यारावाला यांच्याविषयी सांगितलं. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, जन्म १९१३ चा, शिक्षण मुंबईत जे. जे. स्कूलमध्ये. साडी नेसून, जड कॅमेरा खांद्याला लावून त्यांनी नेहरूंपासून सगळ्यांचे फोटो काढले. पण सुरुवातीचे त्यांचे फोटो छापून यायचे ते नवऱ्याच्या नावाने. पुढे २०११ साली पद्मविभूषण मिळालं. मी म्हटलं, मग आपल्या वाडीतल्या कुजबुजीचं काय घेऊन बसलीस!

आता कॅमेरा घेतला की पहिलं वेड लागतं ते मेगापिक्सलचं. माझ्या कॅमेऱ्याला १० मेगापिक्सल. भाच्याच्या फोनला त्याहून कितीतरी जास्त. मला वाटायचं, आपला फोटो कमीच पडणार. पण मेगापिक्सल म्हणजे काय, तर ठिपके. रांगोळीला आपण ठिपके काढतो तसे. एक मेगापिक्सल म्हणजे १० लाख ठिपके. आपण स्टुडिओतून ४ बाय ६ इंचांचा नेहमीचा फोटो छापून आणतो, तो स्वच्छ यायला एका इंचात ३०० ठिपके भरपूर झाले. म्हणजे १२०० गुणिले १८००. गटाचा हिशेब लिहिणाऱ्यांनी करून बघा, २१ लाख ६० हजार येतात. दोन मेगापिक्सलच्या थोडं वर. बाकीचे सगळे ठिपके तुम्ही फोटो भिंतीएवढा करणार असाल तर कामाचे. पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन नावाच्या इंजिनिअरने बनवला. त्याचे ठिपके सगळे मिळून १० हजार, फोटो काळा-पांढरा, आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. त्यावरून बघा, आपल्या कमरेला खोचलेल्या फोनमध्ये काय आहे ते.

पण हे शहाणपण मला नंतर सुचलं. आधीची तीन वर्षं मी वेडीच होते. लांबची लेन्स हवी, पक्षी टिपायला. तिवई हवी. पहाटे उठून खाडीवर जायचं, खंड्या मासा उचलतो तो क्षण धरायला. सूर्यास्त तर किती काढले असतील! काजूचा मोहर, पावसाचे थेंब, धनेशाची जोडी. कॉम्प्युटरमध्ये ४ हजारांवर फोटो साठले.

माझं माहेर सहा किलोमीटरवर. मे महिन्यात गेले की आई पडवीत रातांबे फोडत बसलेली असायची. हात कोपरापर्यंत लाल. मी कॅमेरा काढला की हिचा पदर तोंडावर. "माझा कसला फोटो काढतेस गो, तोंडात दात नाहीत. त्या कोंबडीचा काढ." मी कोंबडीचा काढला. तो आहे अजून माझ्याकडे. छान आलाय. पिसं न् पिसं दिसतं. कोपऱ्यात आईच्या साडीचा काठ आलाय, बोटभर.

मार्गशीर्षात आई गेली. दोन दिवस ताप काय आला आणि गेलीच. भाऊ म्हणाला, "फोटोचं तू बघ, तुझ्याकडे कॅमेरा आहे." मी रात्रभर कॉम्प्युटरपुढे बसले. चार हजारांतला एकेक फोटो उघडला. खंड्या, सूर्यास्त, खंड्या, मोहर. आई नाही. लग्नातल्या एका घोळक्यात ती दुसऱ्या रांगेत होती, पण तिच्या तोंडापुढे कुणाचा तरी हात.

शेवटी मतदान कार्डावरचा फोटो घेऊन भाऊ तालुक्याला गेला. तिथे तो मोठा करून दिला. तुम्ही पाहिलेत ना असे फोटो? तोंड त्याच माणसाचं, पण खांद्याखाली सगळं कॉम्प्युटरमधलं तयार. आईला जांभळी भरजरी साडी आली, मागे निळं आकाश आलं. सगळे म्हणाले, चांगला केलाय. मी शिवणकाम करणारी बाई, माझी नजर गळ्यावर गेली. ब्लाउजचा गळा आईचा नव्हता. आईचे ब्लाउज वीस वर्षं मीच शिवत होते. गळा बंद लागायचा तिला, बाहीला आत दोन बोटं जास्तीचं कापड ठेवायला सांगायची. बाराव्याला त्या फोटोला हार घातला. आज भिंतीवर तोच आहे. करून देणाऱ्याला काय बोलायचं, त्याच्या हातात जे दिलं त्यातून त्याने केलं. त्याला जे द्यायचं ते माझ्याकडे नव्हतं, मी कोंबडीचे फोटो काढत बसले होते.

तेव्हापासून लांबच्या लेन्सचं खूळ गेलं. त्याऐवजी पन्नासची लेन्स घेतली, जुनीच, कॅननची सगळ्यांत स्वस्त. हलकी असते. तिने लांबचं जवळ येत नाही, तुम्हालाच चालत माणसाजवळ जावं लागतं. पण ती उजेड जास्त आत घेते, म्हणून आपल्या अंधाऱ्या माजघरात फ्लॅशशिवाय चालते. फ्लॅश मारला की तोंड पिठासारखं पांढरं आणि मागे काळोख. मी तो बंदच ठेवते.

तुमच्याकडे कॅमेरा नसेल, फोन असेल. पुष्कळ झालं. आधी फोनची काच सुती पदराने पुसा. दिवसभर आपली तेलाची, पिठाची बोटं तिथेच लागतात आणि मग फोटो धुरकट आला की आपण फोनला नावं ठेवतो. दोन बोटांनी ओढून मोठं करू नका, चार पावलं पुढे जा. दुपारी अंगणात उभं करू नका, कपाळ चकाकतं आणि डोळ्यांच्या खोबणीत काळोख भरतो. सगळ्यांत चांगला उजेड आपल्या दाराचा. उंबऱ्याच्या आत हातभर बसवायचं, तोंड दाराकडे. मग सुरकुती न् सुरकुती मऊ दिसते. आणि म्हातारी खाली बसली असेल तर आपणही खाली बसायचं. उभ्याने वरून काढलेल्या फोटोत माणूस बिचारं दिसतं.

आणि "हस, हस" म्हणू नका बाई! काम करू द्या. निवडणं, टिपणं, सोलणं, जे चाललंय ते चालू दे. पहिले दोन-तीन फोटो वायाच जातात, तेव्हा तोंड आवळलेलं असतं. तोवर गप्पा मारायच्या. शेजारच्या काकींचा असाच काढला, हातात खुरपं, डोक्याला टॉवेल. छापून हातात दिला तर कितीतरी वेळ बघतच राहिल्या. "मी अशी दिसते होय?" मग म्हणाल्या, "अजून दोन आण. पोरींना एकेक."

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. लावणीत एका सुनेचा फोटो काढला होता. साडी गुडघ्यावर खोचलेली, चिखलाने माखलेली, खळखळून हसत होती. माझ्या आयुष्यातला चांगला फोटो म्हणा ना. मी तो लगेच स्टेटसला टाकला. संध्याकाळपर्यंत तो मुंबईत तिच्या नवऱ्याच्या फोनवर. तिला काय काय ऐकावं लागलं ते इथे सांगत नाही. वर्षभर ती माझ्याशी धड बोलली नाही, आणि तिचंच बरोबर होतं. हसणं तिचं, चिखल तिचा, आणि ठरवलं मी! आता फोटो आधी तिच्या हातात कागदावर जातो. पुढे कुणाला दाखवायचा की ट्रंकेत ठेवायचा, ते तिचं ती बघेल.

कागदावर, हे मी मुद्दाम म्हणते. फोन पाण्यात पडतो, हरवतो, नातवंडं खेळता खेळता पुसून टाकतात. कार्ड बिघडतं. चुकून फोटो पुसले गेले तर एक लक्षात ठेवा, त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नका. कार्ड बाहेर काढून ठेवा. पुसलेला फोटो लगेच नाहीसा होत नाही, त्याच्या जागेवर दुसरा बसला की मग जातो. जाणकाराकडे नेलं तर पुष्कळदा परत मिळतात. पण हा सगळा खटाटोप करण्यापेक्षा चांगला आला तो छापून आणावा हे बरं. आमच्याकडे एका फोटोला १० रुपये घेतात.

छापताना एक गोम आहे. फोनचा फोटो जरा चौकोनी असतो, स्टुडिओचा कागद त्यापेक्षा लांबट. मशीन कागद भरण्यासाठी फोटोच्या कडा कापतं. उभ्या फोटोत दोन्ही बाजू जातात, आडव्यात डोक्यावरचं आणि पायाखालचं. माझ्या नणंदेच्या आडव्या फोटोत डोक्यावरचा कळस गेला, नुसती बाई उरली. म्हणून काढतानाच चारही बाजूंना मोकळी जागा सोडायची, शिवणीला कापड सोडतो तशी. आणि स्टुडिओला व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर वाटेत त्याचे ठिपके गळतात.

कॅमेरा असलेल्यांसाठी पावसाळ्याचं थोडं सांगते, कारण माझ्या पहिल्या लेन्सचं वाटोळं झालं होतं. मऊ फडक्यात छान गुंडाळून कपाटात ठेवला, गणपतीत काढला तर काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. पापडाला धरते, चामड्याच्या चपलेला धरते, तशीच लेन्सला. कपडा ओल धरून ठेवतो. आता घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवते, नव्या पर्सबरोबर, बुटांबरोबर दाण्यांच्या ज्या पुड्या येतात त्या त्यात टाकते, अधूनमधून बदलते. पुड्या पोरांच्या हाताला लागू द्यायच्या नाहीत. आणि मुख्य म्हणजे आठवड्यातून एकदा डबा उघडून कॅमेरा हाताळायचाच. पडून राहिला की गेला.

खंड्या अजूनही काढते बरं का, हौस सुटत नाही. पण घरून निघताना कार्डावर आधी एक माणूस असतं. कधी सासूबाई, कधी दुधाची रतीबवाली, कधी भाजी निवडणाऱ्या माझ्या मोठ्या जाऊबाई. त्यांना आता सवय झालीये, पदरही ओढत नाहीत. सासूबाई तर परवा म्हणाल्या, "आज कवळी लावलीय, आज काढ."

गटाच्या पुढच्या मीटिंगला मी शाळेच्या पूर्वेकडच्या पडवीत साडेचारला बसणार आहे. दुपारनंतर तिथे सावली असते, उजेड चांगला मिळतो. छपाईचे १० रुपये आणा, बाकी काही नको. पावडर लावून येऊ नका, घामात पांढरी दिसते. साडी रोजचीच नेसा. चष्मा लावत असाल तर चष्म्यासकट या. ज्यांची आई, सासू चालत येऊ शकत नाही त्यांनी वाडी आणि घर सांगून ठेवा, मी सकाळी नऊच्या आत येईन. दार उघडं ठेवा तेवढं.