प्रवासी राउटर : घरच्या घरी
(शिक्षक संमेलनातील भाषण)



बाहेरगावच्या शिबिरास आपण शाळेचे चार-सहा टॅब्लेट नेतो. तेथे प्रत्येकावर नवे वाय-फाय शोधण्यात व सांकेतिक शब्द भरण्यात पहिला तास सरतो. शिवाय त्या परक्या जाळ्यावर विद्यार्थ्यांची नावे व आधार क्रमांकही आपण निःशंकपणे पाठवितो. मला ही दुसरी गोष्ट अधिक चिंतेची वाटते.

राउटरच बरोबर न्यावा, हा त्यावरील उपाय होय. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक २०१२ साली इंग्लंडात विक्रीस आला. त्याची २०१९ सालची चौथी आवृत्ती या कामास उत्तम. विज्ञान मंडळासाठी घेतलेला असा संगणक आपल्या शाळेच्या कपाटात पडून असेल, तर नवा राउटर विकत घेण्याचे कारण नाही.

ओपनडब्ल्यूआरटी ही विनामूल्य प्रणाली मेमरी कार्डावर उतरवून कार्ड पायमध्ये बसवावे. नंतर पाय केबलने संगणकास जोडून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा पत्ता उघडावा. आरंभी या प्रणालीस सांकेतिक शब्दच नसतो. म्हणून इतर काहीही करण्यापूर्वी तो ठेवावा. वाय-फाय बंद असते. देश भारत निवडून ते सुरू करावे व आपल्या जाळ्यास नाव द्यावे. टॅब्लेटांना हे एकच नाव ठाऊक असले म्हणजे झाले.

बाहेरचे जाळे पकडण्यासाठी यूएसबीवर चालणारे दुसरे वाय-फाय उपकरण जोडावे. एकाच अंगभूत वाय-फायवर आत-बाहेर दोन्ही कामे लादली, तर ते रडतखडत चालते. हे उपकरण घेण्यापूर्वी ओपनडब्ल्यूआरटीला ते चालते की नाही, हे अवश्य पाहावे. त्याचा ड्रायव्हर प्रणाली उतरवितानाच तीत समाविष्ट करून घ्यावा. अन्यथा मुक्कामी पोहोचल्यावर इंटरनेटवाचून ड्रायव्हर नाही आणि ड्रायव्हरवाचून इंटरनेट नाही, असा पेच पडतो.

आणखी एक खोच. यजमानांच्या राउटरचा पत्ताही पुष्कळदा १९२.१६८.१.१ हाच असतो. दोन घरांना एकच क्रमांक दिल्यावर टपालवाल्याची जी गत होईल, तीच येथे होते. यास्तव आपला पत्ता आधीच १९२.१६८.७७.१ असा बदलून ठेवावा.

काही ठिकाणी वाय-फायसाठी आधी एका पानावर नोंदणी करावी लागते. ती एका टॅब्लेटवरून केली की बहुधा सर्वांची होते. यजमानांची अनुमती मात्र घ्यावी.

आता त्या चिंतेविषयी. मध्ये आपली पेटी असल्यामुळे शेजारच्या खोलीतील उपकरणांना आपले टॅब्लेट दिसत नाहीत. परंतु पेटीतून बाहेर पडणारा मजकूर तेवढ्याने गुप्त होत नाही. त्यासाठी पेटीवर वायरगार्डची व्यवस्था करून सर्व वाहतूक विश्वासाच्या सर्व्हरमार्गे न्यावी लागते. ही जोडणी होईपर्यंत आधार क्रमांक भरण्याचे काम परक्या जाळ्यावर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पायला पाच व्होल्ट, तीन अँपियरचा पुरवठा द्यावा. फोनचा जुना चार्जर पुरत नाही. वीज एकाएकी गेल्यास कार्ड बिघडू शकते, म्हणून तयार कार्डाची एक प्रत पेटीबरोबरच ठेवावी.