समुद्रापलीकडच्या वह्या

दळणं-कांडणं, शेतातली खुरपणी, गटाची बैठक, सगळं उरकून रेडिओजवळ बसला असाल. आज मी तुम्हाला लांबच्या बायकांची गोष्ट सांगणार आहे. लांबच्या म्हणजे पार इस्रायल देशातल्या. पण त्यांची बोली आपलीच, मराठी.

रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ नवगाव आहे. फार जुन्या काळी तिथं एक जहाज फुटलं आणि त्यातली सात जोडपी वाचली, अशी आठवण बेने इस्रायली लोक सांगतात. धर्मानं ते ज्यू. कोकणात राहिले, घाण्यावर तेल गाळू लागले. शनिवार हा त्यांचा विसाव्याचा वार, त्या दिवशी घाणा बंद. म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणायचं. आडनावं बघा: पेणकर, रोहेकर, दिवेकर. गावावरून आडनाव, आपल्यासारखंच.

1948 साली इस्रायल देश झाला आणि पुढच्या काही वर्षांत यातली हजारो कुटुंबं तिकडं गेली. सगळं सोपं नव्हतं. ज्या धर्मासाठी गेले, तिथल्याच काही धर्मगुरूंनी लग्नाच्या वेळी विचारलं, ‘तुम्ही खरे ज्यू कशावरून?’ त्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, धरणं धरलं. शेवटी 1964 साली तिथल्या सरकारला सांगावं लागलं की हेही इतरांसारखेच पूर्ण ज्यू आहेत.

तरी त्यांनी मराठीपण टाकलं नाही. दिमोना, लोद, रामला, अश्दोद अशा गावांत त्यांची वस्ती आहे. लग्नाआधी मेंदी लागते. नवस फेडायचा असेल, शुभकार्य असेल, तर ‘मलिदा’ करतात. गोड पोहे, ओलं खोबरं, फळं ताटात मांडून एलियाहू नबीचं नाव घेतात. सणाला नारळाच्या दुधातला चिकाचा हलवा होतो. महाराष्ट्र दिन साजरा होतो. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही तिकडं निघालं.

पण मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. 1880 च्या सुमारास मुंबईत या लोकांनी आपल्या कीर्तनाची रीत उचलली आणि त्यांच्या धर्मग्रंथातल्या कथा मराठी पदांतून सांगायला सुरुवात केली. तेव्हा कीर्तन करणारे पुरुष होते. पुढं त्यांचं कीर्तन मागं पडलं. पदं मात्र बायकांनी धरून ठेवली. वह्यांत उतरवून घेतली, त्या वह्या समुद्रापलीकडं नेल्या आणि तिथं एकत्र जमून गायल्या. आता नातवंडांची भाषा हिब्रू झाली आहे. ती वही नातीला वाचता येईल का, हा घोर तिथल्या आज्यांना आहे.

हे ऐकलं आणि मला माझी आई आठवली. पहाटे जात्यावर बसली की दळण सरेपर्यंत तिच्या ओव्या सरायच्या नाहीत. माहेरच्या, भावाच्या, गोदामाईच्या. गावात गिरणी आली आणि जातं भिंतीला टेकलं. आई गेली तेव्हा मला तिच्या चारच ओव्या धड येत होत्या. मी तर परदेशी गेले नव्हते. नाशिक जिल्ह्यातच होते, तिच्यापासून दोन तासांवर. वही करायचं मनातच आलं नाही.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एवढं धन साध्या बायकांच्या तोंडी होतं. आपल्याही गावात थोडं उरलं असेल.

तेव्हा एक काम करू. गटाच्या पुढच्या बैठकीला हप्त्याच्या वहीबरोबर एक कोरी वही न्या. गावातल्या म्हाताऱ्या सासूबाईंना, आजींना बोलवा. एक गाईल, दुसरी मोबाइलवर आवाज धरेल, शाळेत जाणारी पोर लिहील. ओवीखाली गाणारीचं नाव आणि तिचं माहेर लिहायला विसरू नका. चुकलं तरी चालेल, अर्धी आठवली तरी लिहा. उरलेली दुसऱ्या कुणाला तरी आठवेल.

माझी वही मी काढली आहे. पहिल्या पानावर त्या चार ओव्या आहेत. पाचवी मावशीला विचारायला रविवारी जाणार आहे.