अन्नदान आणि रुग्णाची सुरक्षितता
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेले भाषण)



आपल्या परंपरेने अन्नदानाला श्रेष्ठ दान मानले आहे. वाढदिवस, पुण्यतिथी वा सणाच्या निमित्ताने कक्षांतील रुग्णांना चिरलेली फळे, पेढे किंवा मसालेभात वाटण्याची इच्छा अनेक दाते व्यक्त करतात. त्या भावनेचा पूर्ण आदर राखून आज या विषयावर चार शब्द बोलणे आम्हांस कर्तव्य वाटते.

जे अन्न पुन्हा न शिजवता खाल्ले जाते, ते तयार अन्न. कोशिंबीर, हिरवी चटणी, सँडविच, मिठाई ही त्याची नित्याची उदाहरणे. असे अन्न हाताळताना दूषित झाले, तर ते तोंडात जाण्यापूर्वी जंतू नष्ट करणारी आच त्याला पुन्हा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार दूषित अन्नामुळे जगात दरवर्षी सुमारे ६० कोटी लोक आजारी पडतात व ४ लाख २० हजार दगावतात. त्यांपैकी १ लाख २५ हजार ही पाच वर्षांखालील बालके असतात.

आम्ही हिशेबाची माणसे. म्हणून हिशेबाच्याच भाषेत सांगतो. ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतूंची वाढ होते. अनुकूल स्थितीत काही जंतू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. या दराने १०० जंतूंचे चार तासांत चार लाखांहून अधिक जंतू होतात. अन्नाचा वास वा चव मात्र बदलतेच असे नाही.

‘पुन्हा गरम केले की झाले’ हा समजही पुरेसा नाही. भातातील बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू शिजवूनही टिकतात. भात तासन्‌तास बाहेर राहिला, तर ते रुजून विष तयार करतात. हातावरून मिठाईत उतरणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियसचेही तसेच. ही विषे उकळल्यानेही सहसा नष्ट होत नाहीत. लिस्टेरिया तर शीतकपाटातही वाढतो. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये पोलोनी या तयार मांसपदार्थातून त्याची साथ पसरली. १,०६० रुग्णांची नोंद झाली, २१६ जण मृत्युमुखी पडले. रुग्णांत नवजात अर्भकांचे प्रमाण फार मोठे होते, कारण हा जंतू गर्भवती मातेकडून बाळाकडे जातो.

धडधाकट माणसाला जे अन्न एखाद्या दिवसाच्या पोटदुखीवर सोडते, तेच प्रसूत माता, अर्भक, वृद्ध, मधुमेही किंवा कर्करोगावर उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. आमच्या खाटांवर हीच माणसे आहेत.

म्हणून आमच्या काही विनंत्या आहेत. दात्यांनी शिजवलेले अन्न कक्षात न वाटता धान्य, डाळ, तेल वा अखंड फळे रुग्णालयाच्या स्वयंपाकघराकडे द्यावीत. रुग्णाच्या पथ्यानुसार ती ताजी रांधून वाढली जातील. नातेवाइकांनी घरचा डबा आणण्यापूर्वी परिचारिकेस विचारावे. अन्न शिजल्यापासून दोन तासांच्या आत रुग्णास द्यावे आणि उरलेले रात्रीसाठी झाकून ठेवू नये. फळे हात धुऊन, फळ धुऊन, खाण्याच्या वेळीच चिरावीत. बंद पाकिटावरील मुदत व अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक पाहावा. रुग्णास उलटी वा जुलाब झाल्यास काय खाल्ले होते, ते संकोच न बाळगता डॉक्टरांना सांगावे. त्यावर कोणी रागावणार नाही, उलट उपचारास मदत होईल.

दानास आमचा नकार नाही; दान रुग्णापर्यंत सुखरूप पोहोचावे, एवढाच आग्रह आहे. आलेला प्रत्येक घास रुग्णास बळ देणारा ठरावा, यासाठी आपल्या सर्वांचे सहकार्य लाभेल, असा विश्वास व्यक्त करतो.