विद्यापीठीय कर्करोग संशोधनात जैवमाहितीशास्त्रज्ञाचे स्थान



कर्करोगाच्या संशोधनात प्रयोगशाळा आणि रुग्णालय यांच्या मधोमध संगणकापुढे बसून काम करणाऱ्या जैवमाहितीशास्त्रज्ञांचा विचार करण्यासाठी भरलेल्या या परिषदेत स्वागत समिती सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करीत आहे. ही परिषद पुण्यात भरावी यात औचित्य आहे. येथील विद्यापीठात १९८७ साली, म्हणजे मानवी जनुकसंचाचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प सुरू होण्याच्याही आधी, जैवमाहितीशास्त्राचे केंद्र स्थापन झाले; पुढच्याच वर्षी सी-डॅक या प्रगत संगणन विकास केंद्राची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये तेथे ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. घाटाखाली मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करुग्णांची सेवा करीत आहे, आणि शहरातील कर्करुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवणारी, लोकसंख्येवर आधारलेली देशातील पहिली कर्करोग नोंदणीही १९६३ मध्ये मुंबईतच सुरू झाली. रुग्णालयांच्या दारोदार जाऊन वय, वस्ती आणि निदान कागदावर उतरवणाऱ्या त्या नोंदणी-कर्मचाऱ्यांना कोणी माहितीशास्त्रज्ञ म्हटले नसेल, पण नोंद खरी असावी हा त्यांचा आग्रह म्हणजेच आजच्या या विद्येचा पाया होय.

जैवमाहितीशास्त्र म्हणजे सजीवांतील रेणूंविषयी मिळालेली प्रचंड माहिती गणित, संख्याशास्त्र आणि संगणक यांच्या साहाय्याने वाचण्याचे शास्त्र. कर्करोग हा मुळात जनुकांतील बदलांचा आजार असल्यामुळे या शास्त्राची गरज तेथे सर्वाधिक भासते. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीतून डीएनए वेगळा केला जातो, अनुक्रमक यंत्र त्याचे कोट्यवधी लहान तुकडे वाचते, आणि ते तुकडे मानवी जनुकसंचाच्या प्रमाण प्रतीशी जुळवून कोणते अक्षर कोठे बदलले आहे हे शोधण्याचे काम जैवमाहितीशास्त्रज्ञाकडे येते. हे काम यंत्रवत आहे, सॉफ्टवेअर चालवले की उत्तर बाहेर पडते, अशी समजूत विद्यापीठांत अजूनही आढळते. या समजुतीमुळे संशोधनाचे किती नुकसान होते, हे एका साध्या उदाहरणावरून दिसून येईल.

समजा, जनुकातील एका ठिकाणी यंत्राने १०० तुकडे वाचले आणि त्यांपैकी ३० तुकड्यांत ‘सी’ या अक्षराच्या जागी ‘टी’ आढळले. गाठीच्या नमुन्यात केवळ कर्कपेशी नसतात, तर रक्तवाहिन्या, दाहपेशी आणि निरोगी ऊतीही असते. त्यामुळे कर्कपेशींचे प्रमाण ६० टक्के असेल आणि त्या पेशींतील जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीतच बदल झाला असेल, तर तो बदल सुमारे ३० टक्के तुकड्यांत दिसणे अपेक्षित असते, आणि म्हणून हा आकडा नमुन्यातील सर्व कर्कपेशींमध्ये असलेल्या बदलाशी जुळतो. मात्र हाच आकडा ६ आला, तर तो बदल थोड्याच पेशींत उशिरा उद्भवलेला असू शकतो, किंवा मुळात नसूही शकतो. कारण फॉर्मॅलिनमध्ये ठेवून नंतर मेणाच्या ठोकळ्यात जपलेल्या ऊतीत सायटोसिनमधील, म्हणजे ‘सी’मधील, अमिनो गट गळून पडतो आणि यंत्र त्या जागी ‘टी’ वाचते. शिवाय बदल खरा असला तरी तो गाठीत निर्माण झालेला आहे की आईवडिलांकडून आलेला आहे, हे त्याच रुग्णाच्या रक्ताशी तुलना केल्याखेरीज निश्चित सांगता येत नाही. नमुना ताजा होता की मेणातला, विकृतिशास्त्रज्ञाने कर्कपेशींचे प्रमाण किती नोंदवले, रक्त सोबत घेतले होते की नाही, या प्रश्नांची उत्तरे संगणकात नसतात. ती शस्त्रक्रियागृहात आणि विकृतिशास्त्र विभागात असतात.

भारतीय रुग्णांच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. आनुवंशिक भेद वगळण्यासाठी वापरले जाणारे जागतिक माहितीसंच दीर्घकाळ प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांवर आधारलेले होते, आणि त्यामुळे भारतीयांत सहज आढळणारा निरुपद्रवी भेद त्यांत नसल्यास तो कर्करोगजन्य बदल म्हणून गणला जाण्याचा धोका असे. खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेतील गटाने ६२ भारतीय कर्करुग्णांच्या निरोगी नमुन्यांचा अभ्यास करून १,१४,३०९ आनुवंशिक भेदांचा संच २०१६ मध्ये सर्वांसाठी खुला केला, हे या दृष्टीने मोलाचे काम आहे. त्यापूर्वी २०१३ मध्ये, पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील संस्था आणि हेच खारघरचे केंद्र यांच्या सहकार्यातून गाल आणि हिरडी यांच्या कर्करोगातील जनुकीय बदलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तंबाखूचा बार भरण्याच्या सवयीशी निगडित असलेला हा कर्करोग महाराष्ट्रातील घराघरांना परिचित आहे. त्या अभ्यासात ५० रुग्णांच्या गाठी आणि रक्त यांची तुलना करून आणि आणखी ६० रुग्णांत पडताळणी करून टीपी५३सारख्या ज्ञात जनुकांबरोबर यूएसपी९एक्स आणि एआरआयडी२ यांसारखी, या कर्करोगात वारंवार बदलणारी नवी जनुकेही समोर आली.

विश्लेषणातील चूक रुग्णापर्यंत कशी पोहोचते, हे अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या प्रकरणाने जगाला दाखवले. कोणत्या गाठीवर कोणते औषध लागू पडेल हे जनुकांच्या सक्रियतेवरून सांगता येते, असा दावा करणारा तेथील शोधनिबंध २००६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्या आधारावर रुग्णांवरील चाचण्याही सुरू झाल्या. ह्यूस्टन येथील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स यांनी मूळ माहितीवरून तेच निष्कर्ष पुन्हा मिळवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा जनुकांची यादी एका ओळीने सरकलेली आहे आणि काही ठिकाणी औषधाला दाद देणाऱ्या व न देणाऱ्या पेशींच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झालेली आहे, असे त्यांना आढळले. त्यांनी २००७ पासून हे निदर्शनास आणले आणि २००९ मध्ये सविस्तर लेख लिहिला, तरीही चाचण्या थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या आणि २०१० च्या अखेरीसच कायमच्या बंद झाल्या. निबंध २०११ मध्ये मागे घेण्यात आला, आणि २०१५ मध्ये अमेरिकी शासनाच्या संशोधन-सचोटी कार्यालयाने गैरवर्तनाचाही निष्कर्ष नोंदवला. गैरवर्तनाची चर्चा पुष्कळ झाली. स्वागत समितीला मात्र अधिक महत्त्वाचे वाटते ते हे, की एका ओळीची चूक शोधण्यासाठी दोन अनुभवी विश्लेषकांना आपला फार मोठा वेळ दुसऱ्यांच्या आकड्यांवर खर्च करावा लागला आणि त्या वेळाला कोणत्याही पदोन्नतीच्या तक्त्यात रकाना नव्हता.

चुका याहून क्षुल्लक कारणांनीही होतात. एक्सेलच्या तक्त्यात ‘सेप्ट२’ हे जनुकाचे लघुनाम टाकले की ते २ सप्टेंबर ही तारीख होऊन बसत असे, आणि अखेर २०२० मध्ये मानवी जनुकांच्या नामकरण समितीने अशा जनुकांची नावेच बदलली.

म्हणूनच स्वागत समितीचे आग्रहाचे प्रतिपादन असे, की विश्लेषकाला प्रकल्पाच्या आखणीतच सहभागी करून घेतले पाहिजे. आज बहुतेक ठिकाणी नमुने गोळा होतात, अनुक्रमण पूर्ण होते, निधी संपत येतो, आणि मग हार्ड डिस्क हाती देऊन ‘जरा विश्लेषण करून द्या’ असे सांगितले जाते. सर्व गाठींचे नमुने एका महिन्यात आणि सर्व निरोगी नमुने दुसऱ्या महिन्यात, वेगळ्या रसायनांच्या संचाने वाचले गेले असतील, तर दिसणारा फरक कर्करोगामुळे आहे की त्या संचामुळे, हे जगातील कोणतेही गणित नंतर वेगळे करू शकत नाही. तेच नमुने दोन्ही फेऱ्यांत मिसळून वाचावेत, एवढा सल्ला आरंभी मिळाला असता तर रुग्णांनी दिलेली ऊती वाया गेली नसती. ज्या रुग्णाने वेदनेच्या काळात संमतीपत्रावर सही केली, त्याच्या नमुन्याचा असा अपव्यय होणे ही संशोधकांच्या दृष्टीने अत्यंत गंभीर गोष्ट आहे.

यासाठी विद्यापीठांना आपल्या व्यवस्थेत बदल करावा लागेल. प्रकल्पाच्या मुदतीपुरत्या कंत्राटावर नेमलेला, शोधनिबंधाच्या लेखकांच्या यादीत मधोमध नाव असलेला आणि आपला विभाग जीवशास्त्राचा की संगणकशास्त्राचा हेही ठरलेले नसलेला तरुण संशोधक, प्रकल्पप्रमुखाला ‘हा निष्कर्ष टिकत नाही’ असे निर्भयपणे सांगू शकेल अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. त्याला स्थायी पद हवे, लिहिलेली संगणक-प्रणाली आणि केलेली पडताळणी हे त्याचे संशोधनकार्य म्हणून मोजले जावे, आणि आठवड्यातून काही वेळ त्याने विकृतिशास्त्रज्ञाच्या शेजारी बसून सूक्ष्मदर्शकातून गाठ पाहावी, अशी सोय व्हावी.

या परिषदेचे पहिले सत्र विश्लेषकाला आखणीतच सहभागी करून घेण्याच्या हेतूने योजले आहे. त्यात शल्यचिकित्सक, विकृतिशास्त्रज्ञ आणि विश्लेषक हे तिघे अजून एकही नमुना न घेतलेल्या एका प्रकल्पाचा आराखडा सर्वांसमोर मांडून त्याची चिकित्सा करतील, आणि त्यात बोलण्याचा पहिला मान विश्लेषकाकडे राहील. माननीय परिषदाध्यक्षांनी परिषदेचे उद्घाटन करून या सत्रास प्रारंभ करून द्यावा, अशी स्वागत समितीची नम्र विनंती आहे.