मनाची वही

मोहोळ तालुक्यातल्या बचत गटांच्या आम्ही बायका बोलतोय. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

आपल्या गटात हप्त्याची वही असते, कर्जाची असते, इतिवृत्ताची असते. मनाची वही मात्र कुणाकडे नसते. गटातल्या एका ताईंची लेक सोलापूरला कॉम्प्युटर शिकते. ती म्हणाली, "मावशी, मी मोबाईलचं एक ॲप करतेय. ज्यांचे आभार मानावेत अशा तीन गोष्टी रोज रात्री त्यात लिहायच्या. ते कसं असावं, तुम्ही सांगा."

ही कल्पना हवेतली नाही. अमेरिकेत एमन्स आणि मॅककलो या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली आपला अभ्यास छापला. त्यांनी काही विद्यार्थ्यांना दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, आभार मानण्याजोग्या गोष्टी लिहायला लावल्या. दुसऱ्या काहींना त्रासाच्या गोष्टी लिहायला सांगितल्या. आभार लिहिणाऱ्यांना आपलं आयुष्य जास्त बरं वाटलं.

मग आम्ही कागदावर मोबाईलचा चौकोन काढून बसलो. लेकीनं पहिला प्रश्न लिहिला, "आज आपण कशाबद्दल कृतज्ञ आहात?" सगळ्या गप्प. एक आजी म्हणाल्या, "हा तर शाळेतला पेपर झाला गं!" आम्ही प्रश्न बदलला, "आज काय बरं झालं?" लगेच तोंडं उघडली. कुणाच्या बोअरला पाणी टिकलं होतं, कुणाला सुनेनं न मागता चहा दिला होता.

दुसरी अडचण लिहिण्याची. आपल्यातल्या कितीतरी जणींना सही येते, पण चार ओळी लिहिता येत नाहीत. पण आपल्या आज्या तरी कुठं लिहीत होत्या? त्या जात्यावर बसून सुखदुःख ओवीत सांगायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून अशा लाखभर ओव्या गोळा करून ठेवल्या. म्हणून आम्ही सांगितलं, लिहायचं नको, बटण दाबून बोलायचं ठेव.

तिसरी अडचण मोबाईल कुणाचा ही. बऱ्याच घरात तो नवऱ्याचा नाहीतर पोराचा. एक काकू म्हणाल्या, "माझं मन मी पोराच्या खिशात कसं ठेवू?" तेव्हा ठरलं की ॲपला वेगळं कुलूप हवं, बोललेलं मोबाईलबाहेर जाऊ नये, आणि नको असेल ते एका बटणात पुसता यावं.

आता मुख्य गोष्ट. एक ताई सगळा वेळ गप्प होत्या. उठताना म्हणाल्या, "ज्या दिवशी मार खाल्ला, त्या दिवशी मी कुणाचे आभार मानू?" लेकीनं पेन खाली ठेवला. आम्हालाही उत्तर सुचलं नाही. त्या ताईंनी हो म्हटलं म्हणूनच, नाव न घेता, आज हे सांगतोय.

त्या दिवशी आम्हाला कळलं की आभाराच्या नावाखाली बाईला सोसायला शिकवणारं ॲप आपल्याला नको. म्हणून तेवढ्याच आकाराचं दुसरं बटण काढलं, "आज काय जड गेलं?" त्याखाली मदतीचे नंबर ठेवले. मनावर ताण असेल तर टेलिमानस, १४४१६. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. घरात मारहाण होत असेल तर १८१. जिवावर बेतलं तर ११२.

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात 'आत्मीयता' नावाचं काम झालं. तिथं गावातल्याच माणसांना मोबाईल दिले होते, त्यात छोट्या फिल्म होत्या. पण खरा आधार मिळाला तो फिल्म दाखवून शेजारी बसणाऱ्या, ऐकून घेणाऱ्या माणसाचा. मोबाईल नुसतं निमित्त.

ॲप अजून तयार व्हायचं आहे. तोवर आम्ही एक सुरू केलंय. हप्ता गोळा झाला की वह्या मिटायच्या आणि दोनच प्रश्न विचारायचे, काय बरं झालं, काय जड गेलं. बोलायची सक्ती नाही. इतिवृत्तात लिहायचं नाही, बाहेर सांगायचं नाही. त्या ताई पहिले दोन महिने बोलल्या नाहीत. तिसऱ्या महिन्यात बोलल्या, आणि दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या दोघी त्यांच्यासोबत गेल्या. कुठं, ते त्यांचं त्यांच्यापाशी.

तुमच्या पुढच्या बैठकीत हे दोन प्रश्न विचारून बघा. एखादी गप्प राहिली, तर तिच्यासोबत घरापर्यंत चालत जा.