काळी किनार आणि घाटाची सावली



"तू कॉम्प्युटरवर नक्की करतेस काय?" हा प्रश्न सकाळपासून मला पाच-सहा जणांनी विचारला. म्हणून तेच सांगते. मी नकाशावरची काळी किनार पुसते. हसू नका, पगार त्याचाच मिळतो!

मोबाइलवर नकाशा उघडून 'सॅटेलाइट' दाबलं की आपला शिळफाटा दिसतो, घाट दिसतो. तो एकच फोटो वाटतो, पण खरं तर ती गोधडी असते. लँडसॅट उपग्रहाचा एक तुकडा साधारण १८५ किलोमीटर रुंद. असे अनेक तुकडे एकमेकांवर थोडे चढवून जोडलेले असतात.

हे उपग्रह सरळ उत्तर-दक्षिण जात नाहीत, जरा तिरके जातात. नकाशात उत्तर वर हवी, म्हणून फोटो फिरवावा लागतो. तिरका फोटो चौकोनी चौकटीत बसवला की कोपऱ्यांत रिकामे त्रिकोण उरतात. पण फाइलमध्ये जागा रिकामी सोडता येत नाही, तिथे काहीतरी आकडा लिहावा लागतो. बहुतेक वेळा शून्य लिहितात, आणि शून्य म्हणजे पडद्यावर काळा. मग तो काळा त्रिकोण शेजारच्या चांगल्या फोटोवर बसतो आणि खालची गावं झाकतो.

उपाय सोपा वाटतो : जिथे शून्य, तिथे पारदर्शक. नोकरीच्या सुरुवातीला मी तेच केलं. पण फाइल लहान करायला आधीच जेपेगमध्ये दाबलेली होती. त्यात शून्याचे कुठे दोन, कुठे तीन झालेले. त्यामुळे किनारीला काळी झालर उरली. मी मर्यादा वाढवली : पंधराच्या खालचं सगळं पारदर्शक. झालर गेली, मी खूश. तपासताना सवयीने आधी आपला भाग उघडला, तर बोरघाटाच्या पायथ्याची चाळणी झालेली!

आठवतंय ना, थंडीत सूर्य घाटाआडून वर यायला किती वेळ लावायचा? हे उपग्रह आपल्यावरून सकाळच्या वेळी जातात. डिसेंबरात तेव्हाही उभ्या कड्यांच्या पायथ्याशी सावली असते. ती सावली आणि रिकामा कोपरा, कॉम्प्युटरला दोन्ही सारखेच काळे. 'इथे काही नाही' आणि 'इथे अंधार आहे' यांतला फरक मी त्याला सांगितलाच नव्हता.

मग नीट शिकले. फ्रँक वॉर्मरडॅम यांनी १९९८ मध्ये जीडॅल नावाचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. ते कुणालाही फुकट वापरता येतं. त्यात 'निअरब्लॅक' नावाचं एक अवजार आहे. ते बाहेरच्या कडेपासून आत येत जातं आणि उजळ ठिपका लागला की थांबतं. त्यामुळे मधली सावली, मधलं तळं वाचतं. पण सावली कडेलाच भिडलेली असेल तर तेही फसतं. म्हणून खरा उपाय असा, की रंगावरून ठरवायचंच नाही. फोटोसोबत वेगळा थर ठेवायचा : या ठिपक्याला माहिती आहे, या ठिपक्याला नाही. आणि हे फाइल दाबण्याच्या आधी करायचं, नंतर नाही.

एवढं मनावर घ्यायचं कारण सांगते. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्याच खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर गाडीरस्ता नव्हता, मदतीला गेलेली माणसं पावसात चिखलातून चालत चढली. मी घरी बसून जुन्या चित्रांत वाडी शोधत होते. लँडसॅटचा एक ठिपका ३० मीटरचा, त्यात अख्खी वाडी म्हणजे मोजके ठिपके. सावलीत असती तर माझ्या त्या पहिल्या नियमाने ती नकाशावरून केव्हाच गेली असती, आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं. तेव्हापासून किनार पुसताना मी आत काय गेलं ते मोजून बघते.

भूगोलाच्या तासाला बाई म्हणायच्या, "माहीत नसेल तर कोरं सोडा, उगाच रंगवू नका." बाई, तेव्हा मी ऐकलं नाही, माझा अर्धा नकाशा रंगवलेला असायचा. आता रोज कॉम्प्युटरला तेच शिकवते.

जेवणानंतर मोबाइल घेऊन या. प्रत्येकाचं घर शोधून देते.